दुकान बंद करा, पण तिसऱ्या रात्रीची तयारी आधी करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं तसं मांडतो, चुकत असेल तर सांगा. तुमच्या गावात सरकारमान्य देशी दारूचं एक दुकान आहे, बचत गटातल्या बायकांनी ते बंद करायला आडव्या बाटलीच्या म्हणजे दारूबंदीच्या मतदानासाठी सह्या घ्यायला सुरुवात केलीये, तुमचे मोठे दीर रोज पितात म्हणून तुम्हीपण त्यात उतरलात, आणि गावातली शिकलेली माणसं म्हणतायत की बंदीने काही होत नसतं, चंद्रपूरची शेवटी उठवावीच लागली की नाही. म्हणून तुम्ही विचारताय की एवढा खटाटोप करून दारू खरंच कमी होते का, का लोक नुसते चोरून प्यायला लागतात.

मी २२ वर्षं हेच काम करतोय, पहिली काही वर्षं नुसती मतदानं, मोर्चे आणि पोलीस स्टेशनच्या चकरा, नंतर उपचाराच्या बाजूला आलो आणि आता दोन्ही सोबत करतो. सरळ सांगायचं तर दुकान बंद झालं की दारू कमी होते, पण सगळ्यांची सारखी कमी होत नाही, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही हे सगळं करताय त्यांची म्हणजे तुमच्या दिरांसारख्यांची नुसत्या बंदीने सगळ्यात कमी कमी होते. हे आधी नीट समजून घ्या मग बाकीचं सोपं जाईल. गाव किती मोठं, शेजारच्या गावात दुकान आहे का, हातभट्टी आहे का, ठाणेदार कसा आहे, बायका किती दिवस टिकून राहतील, यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे मी माझ्या अनुभवातलं सांगतो, तुमच्या गावाला लावून तुम्ही बघा.

गावात पिणारे सगळे एकाच माळेचे नसतात. एक असतो तो कामावरून येताना, बाजाराच्या दिवशी, लग्नात, चारजण बसले की पिणारा. याला दारू लागत नाही, समोर आली म्हणून तो पितो. दुसरा नवीन पोरगा, १७-१८ वर्षांचा, अजून शिकतोय प्यायला. आणि तिसरा तो ज्याला सकाळी डोळे उघडल्यावर लागते, हात थरथरतात, चपटी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही. आपल्या देशाचा एक मोठा सर्व्हे आहे, केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला, २०१९ला त्याचा अहवाल आला. त्यात असं निघालं की १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे साधारण १६ कोटी, आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांचं पिणं त्रासाच्या पातळीला गेलंय, त्यांना मदतीची गरज आहे. आणि मला सगळ्यात लागलेला आकडा म्हणजे, दारूचं पक्कं व्यसन असलेल्या ३८ जणांमधल्या फक्त एकाला कुठलातरी उपचार मिळालेला असतो. ३७ जण तसेच. तुमचे दीर बहुतेक त्या ३७ मधले.

आता दुकान बंद झाल्याने पहिल्या दोघांचं काय होतं बघा. दुकान एसटी स्टँडजवळ असेल, रोजगार घेऊन माणूस संध्याकाळी तिथूनच घरी येतो, वास येतो, ओळखीचे दिसतात, खिशात पैसे असतात, की झालं. तेच दुकान ९ किलोमीटरवर गेलं की यातले कितीतरी जण जात नाहीत, गाडीचं पेट्रोल, रात्रीचा रस्ता, कोण एवढं करणार. हे मी गावागावात बघितलंय, आणि जगभरात दारूच्या धोरणावर काम करणारे लोकपण हेच सांगतात की दारू मिळण्याची सोय कमी करणं, किंमत वाढवणं आणि जाहिराती रोखणं या तीन गोष्टींनी खरा फरक पडतो, शाळेत भाषणं देऊन आणि रॅली काढून फार पडत नाही. पोरांच्या बाबतीत तर सोय हेच सगळं आहे. २५ वर्षांच्या खालच्याला देशी विकायची नाही असा आपल्या राज्यात कायदा आहे, बिअर-वाइनला २१, पण कुठल्या दुकानात वय विचारलेलं तुम्ही बघितलंय का सांगा.

तिसरा मात्र ९ काय २० किलोमीटर जाईल, नाहीतर हातभट्टीवाल्याकडे जाईल, आणि दोन्हीकडे मिळाली नाही तर आजारी पडेल. इथे मला माझ्याच हातून झालेली एक चूक सांगायचीये, कारण तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे एवढं लिहायला बसलोय.

माझ्या सुरुवातीच्या काळातलं गाव. मतदान जिंकलो, बायकांनी गुलाल उधळला, हलगी वाजली, संध्याकाळी दुकानाला सील लागलं, पोलिसांनी त्याच आठवड्यात गावातल्या दोन्ही हातभट्ट्या पण मोडल्या, आम्हाला वाटलं काय भारी काम झालं. तिसऱ्या रात्री एका बाईचा निरोप आला की घरचे मालक, म्हणजे तिचा नवरा, भिंतीवर मुंग्या बघतायत, घरात नसलेल्या माणसांशी बोलतायत, अंगाला घाम, ताप, चार माणसांना आवरत नाहीत. आदल्या दिवशी एकदा फीट पण येऊन गेली होती, घरच्यांनी कांदा हुंगवला, आणि आता बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून देवऋषी बोलावला होता. सकाळी जीपमध्ये घालून तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. ४६ वर्षांचा माणूस. त्याची बायको सह्या गोळा करण्यात सगळ्यात पुढे होती. ती मला काहीही बोलली नाही, पण त्यानंतर एकाही गावात मी आधी उपचाराची सोय केल्याशिवाय सहीचा कागद हातात घेतलेला नाही.

झालं काय होतं ते सांगतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या हिशोबाने चालायला लागलेला असतो, ती एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, दिवस-रात्र कळत नाही, याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि उपचार नसेल तर यात माणूस दगावतो. सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होणार हे आधी पक्कं सांगता येत नाही, आधी कधी दारू सोडताना फीट आली असेल किंवा भ्रम झाला असेल तर धोका जास्त. आणि यावर औषध आहे, महाग नाही, अवघड नाही. काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीत डायझेपामसारख्या गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, सोबत बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं. हे बी-वन फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे माणूस गळाला की लगेच ग्लुकोजची सलाईन लावतात, आणि अशा उपाशीपोटी पिणाऱ्या माणसाला बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला हे आठवण करून द्यायला लाजू नका, 'रोज पितात, तीन दिवसांपासून बंद आहे' एवढं एक वाक्य आधी बोला, बाकी ते बघतात.

हे फक्त एका गावापुरतं नाही. मार्च २०२०ला लॉकडाऊन लागला, देशभर दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा केरळमधून दारू न मिळाल्यामुळे लोकांनी जीव दिल्याच्या बातम्या रोज यायला लागल्या. तिथल्या सरकारने घाईत ठरवलं की डॉक्टरच्या चिठ्ठीवर अशा लोकांना थोडी दारू द्यायची, डॉक्टर मंडळीच त्याविरुद्ध उभी राहिली की दारू सुटताना होणाऱ्या त्रासावर दारू हे औषध नाही, औषधं वेगळी आहेत, आणि हायकोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे एवढं शिकलेलं राज्य, गावागावात दवाखाने, तरी एकदम बंद केल्यावर या माणसांचं काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. आपल्याकडे काय वेगळं होतं? आपण फक्त मोजलं नाही.

म्हणून तुमच्या गावात सह्यांच्या सोबतच एक दुसरी यादी करा, ती कागदावर न करता दोघी-तिघी समजूतदार बायकांच्या डोक्यात ठेवली तरी चालेल, कारण ती बदनामीची यादी व्हायला नको. सकाळी उठल्यावर कोणाला लागते, कोणाचे हात कापतात, कोणाला आधी फीट आलीये. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात ही नावं माझ्या अनुभवात १५ ते ३० निघतात, आशाताईला बहुतेक सगळी माहीत असतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो तिथे फोन करा, आणि म्हणा की अमुक तारखेच्या आसपास आमच्या गावातलं दुकान बंद होईल, त्याच्या आधी एक दिवसाचं शिबिर गावातच घ्या. गडचिरोलीत मुक्तिपथ नावाचं काम २०१६पासून चालू आहे, डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्टला सोबत घेऊन उभं केलेलं, त्यात गावात शिबिर आणि तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक ही पद्धत आहे आणि मला ती फार पटलीये, कारण पिणारा माणूस शहरात जाऊन महिनाभर केंद्रात राहायला तयार होत नाही पण देवळाच्या मंडपात डॉक्टर आले तर अर्धे तरी येऊन बसतात. सोडायची इच्छा त्यांनापण असते हो, कितीदा सोडायचा प्रयत्न केलाय विचारा, प्रत्येकजण चार-पाच वेळा सांगेल.

आता मतदानाचं. ही सोय आपल्या राज्यात बायकांनी भांडून मिळवलेली आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, उत्पादन शुल्कवाले सह्या तपासतात, मग गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. इथे बहुतेक गावं जिथे हरतात ती जागा सांगतो. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे यादीत ९०० बायका असतील तर आडव्या बाटलीला ४५१ पाहिजेत, मतदानाला ५०० आल्या आणि त्यातल्या ४४० तुमच्या बाजूने असल्या तरी तुम्ही हरलात. आणि यादीत कोण असतं? लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी, वारलेल्या म्हाताऱ्या, पुण्याला कामाला गेलेल्या. तुमच्याकडून उसतोडीला टोळ्या जात असतील तर दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत मतदान लावून घेऊच नका, निम्मं गाव बाहेर असतं आणि दुकानवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आधी यादी घेऊन बसा, वारलेली आणि लग्न होऊन गेलेली नावं रीतसर अर्ज करून कमी करून घ्या, दोन महिने त्यात गेले तरी चालतील. नियमात मधेमधे बदल होत असतात म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात उत्पादन शुल्कच्या ऑफिसातून ताजा आदेश लेखी मागून घ्या. तुमचं गाव पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दारूच्या विक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे.

सह्या पडताळणीला बायकांवर दबाव येतो, ही माझी सही नाही असं म्हणायला लावतात. म्हणून २५ टक्क्यांवर थांबू नका, ४० टक्क्यांपर्यंत न्या.

जिंकल्यावर परवाना मरत नाही हे पण लक्षात ठेवा. राज्यात अशा दुकानांचे नवे परवाने देणं कित्येक दशकं बंद आहे त्यामुळे जुन्या परवान्याला फार किंमत असते, मालक ते दुकान उचलून दुसरीकडे लावायला बघतो आणि बऱ्याचदा ते शिवेपलीकडच्या शेजारच्या गावातच लागतं. म्हणून आजूबाजूच्या चार गावांतल्या बायकांशी आत्ताच बोला आणि त्यांच्या ग्रामसभेत ना-हरकत द्यायची नाही असा ठराव आधीच करून ठेवायला सांगा.

आणि चोरून विकणं सुरू होणार, हे तुमच्या गावातले लोक म्हणतात ते खरंच आहे. पण त्याचा अर्थ बंदी फसली असा नाही. आजपण बघा, दुकान चालू असताना तुमच्या गावात पानटपरीवर, ढाब्यावर, किराणा दुकानाच्या मागे देशी मिळते की नाही? ती कुठून येते, त्याच दुकानातून पेटीने उचललेली. म्हणजे अवैध धंदा बहुतेक वेळा त्या वैध दुकानाच्याच पाण्यावर वाढलेला असतो. दुकान गेलं की लांबून आणावी लागते, भाव वाढतो, आणणारे कमी होतात, आणि नजर ठेवायला सोपं जातं. पोलीस अशांवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचं कलम ६५ (ई) लावतात, माणूस त्याच संध्याकाळी जामिनावर सुटून परत विकतो, बायका निराश होतात. त्याच्यासोबत कलम ९३ची मागणी करा, त्यात विकणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र आणि जामीनदार घेतात आणि परत सापडला तर ती रक्कम जाते, खिशाला लागलं की फरक पडतो. ग्रामरक्षक दलाची तरतूद पण २०१६च्या दुरुस्तीने कायद्यात आलीये, ग्रामसभेत रीतसर ठराव करून दल करा म्हणजे पंच म्हणून सही करताना एकट्या बाईवर सूड निघत नाही.

एक विनंती हात जोडून. विकणाऱ्याच्या मागे लागा, पिणाऱ्याच्या नाही. काही गावं पिणाऱ्याला खांबाला बांधतात, दंड लावतात, चावडीवर उभं करतात. मी एकाही गावात याने कोणाची सुटलेली बघितली नाही, दंड बायकोच्याच डब्यातून जातो आणि तो माणूस शिबिराला यायचा बंद होतो. बिहारने २०१६ला पूर्ण दारूबंदी केली, पिणाऱ्यालासुद्धा जेल, मग कोर्टात जामीन अर्जांचा एवढा ढीग झाला की सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ला जाहीरपणे त्यावर बोट ठेवलं, आणि २०२२ला सरकारने कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडायची सोय केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने कित्येक माणसं गेली. पिऊन आजारी पडलं तरी दवाखान्यात जायला माणूस घाबरला की काय होतं ते तिथे दिसलं.

विषारी दारूचा विषय निघालाच आहे तर गावात सगळ्यांना हे माहीत पाहिजे. हातभट्टी वाईटच, पण माणसं झटकन मरतात ती कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेल्या मालाने, २०१५ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती त्यानेच. मिथेनॉल लगेच कळत नाही, कितीतरी तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पोटात मळमळ, डोकं, आणि डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसतं. हँगओव्हर समजून झोपवून ठेवतात आणि तो वेळच जातो. नजर धूसर झाली म्हणाला की मोठ्या दवाखान्यात, आणि त्याच्यासोबत जे जे बसले होते त्या सगळ्यांना शोधून न्यायचं, बरे दिसत असले तरी. तिथे पोलीस केस होईल म्हणून थांबायचं नाही.

आता चंद्रपूर. १ एप्रिल २०१५ला बंदी लागली, २७ मे २०२१ला मंत्रिमंडळाने उठवायचं ठरवलं, कारण दिलं की अवैध दारू आणि गुन्हे वाढले. पण बंदी मिळवली कोणी ते पण सांगा गावातल्या लोकांना, श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बायका वर्षानुवर्षं चालल्या होत्या, त्यांना काय आपल्या गावात काय चाललंय कळत नव्हतं का. मला विचाराल तर चंद्रपूरमध्ये तीन गोष्टी अवघड होत्या. एक, खेटून नागपूर आणि यवतमाळ जिथे सगळं खुलं, पलीकडे तेलंगणा, म्हणजे बऱ्याच बाजूंनी चाळणी. दोन, मोठा औद्योगिक जिल्हा, खाणी, हातात रोख पगार, त्यामुळे चोरून विकण्यात कमाई प्रचंड. आणि तीन, बंदीवर जेवढं बोललं गेलं त्याच्या एक दशांशही उपचारावर बोललं गेलं नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे, तिथेपण दारू मिळते, मोहाची तर मिळतेच, कोणी नाही म्हणत नाही. पण तिथे गावं स्वतः पहारा देतात, उपचार दाराशी आणलेत, आणि बंदी उठवायचं कोणी बोललं तर लोकच उभे राहतात. वर्ध्याला तर गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, आणि वर्ध्यात कुठे मिळते हे रिक्षावाल्याला विचारावं लागत नाही. तिन्ही जिल्ह्यांत कायदा एकच. वरून आलेली बंदी आणि गावाने मागून घेतलेली, सांभाळलेली बंदी यात फरक पडतो असं माझं पक्कं मत झालंय. तुमची मागणी एका दुकानाची आहे, बायका समोर आहेत, त्यामुळे चंद्रपूरचं उदाहरण तुम्हाला तसंच लागू होत नाही.

किंमतीबद्दल पण कोणीतरी म्हणेल की सरकारने दर वाढवलेत, तेवढं पुरे. जून २०२५ला आपल्या राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं, देशीची १८० मिलीची बाटली किमान ८० रुपये झाली. सरकारने ते महसुलासाठी केलं असलं तरी किंमत वाढली की नवीन पोरं कमी पितात हे खरं आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. स्कॉटलंडने २०१८ला दारूला कमीत कमी किंमत ठरवून दिली, त्यानंतर तिथे दारूने होणारे मृत्यू साधारण १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांच्या सरकारी अभ्यासात निघालं. पण त्याच अभ्यासात हे पण दिसलं की पक्कं व्यसन लागलेल्यांच्या पिण्यावर फारसा परिणाम झाला नाही, काहींनी जेवणातले पैसे कमी करून प्यायली. आपल्याकडे जेवणातले म्हणजे कोणाच्या ताटातले, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे फिरून गाडी तिथेच येते, किंमत असो नाहीतर बंदी असो, तिसऱ्या माणसाला औषध आणि आधार लागतोच.

पोरांवर अजून एक लक्ष ठेवा, दारू महाग किंवा लांब झाली की काहीजण झोपेच्या गोळ्यांकडे वळतात, मराठवाड्यात त्याला बटण म्हणतात, मालेगावकडे कुत्ता गोळी. मेडिकलवाल्यांना ग्रामसभेत बोलावून चिठ्ठीशिवाय देणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल करून घ्या.

आता तुमच्या दिरांचं, कारण तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं तेच तुमच्या मनात सगळ्यात जास्त आहे. मतदानाची वाट बघू नका. 'न सांगता दारू सोडवा' अशा पावडरी येतात त्या चहात घालू नका, त्यातल्या काहींत डायसल्फिरम असतं, ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी पडून जीव जाऊ शकतो, हे औषध डॉक्टरने सांगून, माणसाच्या संमतीनेच द्यायचं असतं. गाडीत कोंबून मारझोड करणाऱ्या केंद्रातपण टाकू नका, केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का विचारा, उडवाउडवीचं उत्तर आलं तर माघारी या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हे काम प्रेमाने करतंय, आमच्यासारख्या कितीतरी लोकांनी तिथूनच शिकलं की माणूस वाईट नसतो, आजारी असतो. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात, जाऊबाईंना शेजारी बसवून फोन लावा. दिरांशी बोलायचं तर सकाळी, प्यायच्या आधी, आणि पिण्यावर नाही, थरथरणाऱ्या हातांवर बोला, 'दादा, हात फार कापतायत, डॉक्टरला दाखवूया का' एवढंच. भांडणात दहा वर्षांत जे ऐकलं नाही ते या एका वाक्यावर ऐकणारी माणसं मी बघितलीत. आणि औषधाने सुटल्यावर सहा महिन्यांत परत एकदा घसरले तर सगळं वाया गेलं असं जाऊबाईंना वाटू देऊ नका, बऱ्याच जणांचं असं होतं, परत डॉक्टरकडे न्यायचं.

तर क्रम असा ठेवा: आधी पक्क्या पिणाऱ्यांची माहिती आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची भेट, त्याच दरम्यान मतदार यादीची साफसफाई, शेजारच्या गावांशी बोलणं, मग सह्या, मग शिबिर, आणि मग मतदान. सह्या सुरू झाल्याच आहेत तर थांबवू नका, फक्त अर्ज द्यायच्या आधी बाकीचं उरकून घ्या. तुमच्या यादीत एकूण महिला मतदार किती आहेत, त्यातल्या उसतोडीला किती जातात, आणि तुमच्या आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शनं शिल्लक आहेत का, या तीन गोष्टी उद्या-परवा विचारून इथे लिहा, मी बघतो आणि पुढचं सांगतो.